आकाश वेगळे, स्वर्ग वेगळा



संडे स्कूलच्या मोठ्या मुलांच्या वर्गात दोन प्रश्न दरवर्षी येतात. मुले शाळेत सूर्यमाला शिकतात, मोबाइलवर दूरदूरच्या दीर्घिकांची छायाचित्रे पाहतात आणि रविवारी विचारतात, "मग स्वर्ग नक्की कुठे आहे?" त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, "गॅलिलिओला चर्चने शिक्षा केली हे खरे का?" आपल्या मंडळ्यांत यावर बहुधा दोनच उत्तरे मिळतात. "असले प्रश्न विचारू नयेत, विश्वास धरावा," हे एक. "जुनी गोष्ट आहे, सोडून दे," हे दुसरे. दोन्हींनी मूल गप्प बसते, पण समाधान होत नाही. पुढे ते बी.एस्सी.ला किंवा इंजिनियरिंगला जाते आणि मनाशी धरून बसते की विज्ञान एका काठावर, चर्च दुसऱ्या काठावर, आणि आपल्याला एकच काठ निवडायचा आहे.

आमचे मत असे आहे की ही गोष्ट मुलांना पूर्ण सांगावी. तिच्यातले लाजिरवाणे भागही सांगावेत आणि अभिमानाचेही. कारण चारशे वर्षांपूर्वी दुर्बिणीने जे पाडले ते पवित्र शास्त्र नव्हते. उसने आणलेले एक चित्र आपण मंदिरात इतकी वर्षे टांगून ठेवले होते की ते भिंतीचाच भाग वाटू लागले होते. ते चित्र पडले.

ते चित्र कसे होते, हे आधी पाहू. ख्रिस्तजन्मापूर्वी सुमारे साडेतीनशे वर्षे ग्रीसमध्ये अॅरिस्टॉटल होऊन गेला. त्याने विश्वाचे दोन भाग केले. चंद्राच्या खाली आपली पृथ्वी. इथे जन्म, झीज, मरण आहे. चंद्रापासून वर मात्र सारे निराळ्या द्रव्याचे, निर्मळ, गुळगुळीत, कधीही न बदलणारे. पृथ्वी मध्यभागी स्थिर आणि तिच्याभोवती एकात एक बसवलेले पारदर्शक गोल, ज्यांत चंद्र, बुध, शुक्र, सूर्य, मंगळ, गुरू, शनी आणि शेवटी तारे जडवलेले. दुसऱ्या शतकात टॉलेमीने त्याला गणिताची जोड दिली. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांच्यासारख्या थोर धर्मपंडितांनी अॅरिस्टॉटलचे तत्त्वज्ञान ख्रिस्ती शिकवणुकीशी जुळवले. मग ताऱ्यांच्या गोलापलीकडे आणखी एक सर्वोच्च आकाश मानले गेले. तेच देवाचे, देवदूतांचे आणि संतांचे निवासस्थान. म्हणजे स्वर्गाचा पत्ताच नकाशात मिळाला: शनीच्या पुढे, ताऱ्यांच्या वर.

इथे भाषेचाही भाग आहे. आपल्या मराठीत आकाश हा एक शब्द आणि स्वर्ग हा दुसरा. उत्पत्तीच्या आरंभी आपण आकाश वाचतो, प्रभूच्या प्रार्थनेत पित्याच्या ठिकाणाला स्वर्ग म्हणतो, आणि घोटाळा होत नाही. हिब्रू, ग्रीक आणि लॅटिन या भाषांत मात्र दोन्हींना एकच शब्द आहे. रोममध्ये लॅटिन बायबल वाचणाऱ्या धर्मगुरूला ढग, तारे आणि देवाचे सिंहासन हे सारे एकाच शब्दात भेटत असे. मग कोणी म्हणाले की आकाश बदलते, आकाशाला डाग आहेत, तर त्याच्या कानाला ते स्वर्गाला डाग आहेत असे ऐकू येणार. त्या माणसांची भीती समजून घ्यायची असेल तर हे ध्यानात ठेवले पाहिजे.

त्या आकाशाला दुर्बिणीच्या आधीच तडे जाऊ लागले होते. १५७२ मध्ये एक नवाच तारा झळकला आणि टायको ब्राहे या डॅनिश खगोलविदाने मोजून दाखवले की तो चंद्राच्या बराच पलीकडे आहे. १५७७ चा धूमकेतूही चंद्रापलीकडून गेला. म्हणजे "न बदलणाऱ्या" प्रदेशात बदल होत होते. मग १६०८ मध्ये नेदरलँड्समध्ये हान्स लिपरहाय या चष्मेवाल्याने दोन भिंगांची नळी बनवून तिच्या हक्कासाठी अर्ज केला आणि वर्षभरात ती नळी युरोपभर पोहोचली. १६०९ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये थॉमस हॅरियटने तिच्यातून चंद्र पाहून त्याचे चित्र काढले. त्याच वर्षी इटलीत पादुआ विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या गॅलिलिओने स्वतः भिंगे घासून सुमारे वीस पट मोठे दाखवणारी दुर्बीण केली. तिच्यातून एका वेळी पूर्ण चंद्रही मावत नसे. आज मेळ्यात विकत मिळणारी साधी दुर्बीणही तिच्याहून स्वच्छ दाखवते.

पण तेवढ्यातून काय काय दिसले ते पाहा.

पहिला चंद्र. उजेड आणि अंधार यांच्या सीमेपलीकडे, अंधाऱ्या बाजूला, उजेडाचे ठिपके दिसले. पहाटे डोंगरमाथ्यावर ऊन येते तेव्हा पायथ्याच्या गावात अजून अंधारच असतो, तसेच हे. म्हणजे चंद्रावर डोंगर आहेत! ठिपके सीमेपासून किती लांब आहेत हे पाहून गॅलिलिओने त्यांची उंची सुमारे चार मैल काढली. गुळगुळीत, निर्मळ म्हटलेला चंद्र आपल्या पृथ्वीसारखाच खडबडीत निघाला.

दुसरे तारे. कृत्तिकांत साध्या डोळ्यांना सहा-सात तारे दिसतात. ईयोबाच्या पुस्तकात याच कृत्तिकांचा उल्लेख आहे. गॅलिलिओने तिथे तीसहून अधिक तारे काढून दाखवले. आकाशगंगेचा दुधी पट्टा म्हणजे असंख्य ताऱ्यांची गर्दी आहे, हेही कळले.

तिसरा गुरू. ७ जानेवारी १६१० च्या रात्री गुरूजवळ तीन लहान तारे एका ओळीत दिसले. दुसऱ्या रात्री त्यांच्या जागा बदललेल्या होत्या. आठवडाभरात चौथा दिसला. ते गुरूभोवती फिरत होते. तोवर मोठा आक्षेप असा होता की पृथ्वी सूर्याभोवती धावत असती तर चंद्र मागे राहून गेला असता. आता कोणाही जाणकाराने मान्य केले असते की गुरू चालतो आणि तरीही चार चंद्र सोबत बाळगतो. १३ मार्च १६१० रोजी व्हेनिसमध्ये हे सारे एका छोट्या लॅटिन पुस्तकात छापून आले. प्रती सुमारे साडेपाचशे.

वर्ष संपण्याआधी शुक्राची बारी आली. शुक्रालाही चंद्रासारख्या कला दिसल्या: कधी लहान आणि जवळजवळ पूर्ण गोल, कधी मोठी बारीक कोर. टॉलेमीच्या मांडणीत शुक्र कधीच पूर्ण गोल दिसू शकत नव्हता. शुक्र सूर्याभोवती फिरतो, हे आता डोळ्यांनी दिसत होते. आणि सूर्याच्या तेजस्वी मुखावर काळे डाग दिसले, तेही रोज सरकणारे.

आता प्रश्न असा की हे पाहून श्रद्धावंतांनी काय केले? "चर्च विरुद्ध दुर्बीण" अशी सोपी गोष्ट सांगणाऱ्यांना इथे अडखळायला होते.

सूर्याच्या डागांवर पहिले छापील पुस्तक काढले योहान्नेस फाब्रिसियुस या तरुणाने. ते १६११ मध्ये विटेनबर्गला, म्हणजे ल्यूथरच्या गावी, छापले गेले. योहान्नेस एका ल्यूथरन पाळकाचा मुलगा. बाप-लेकांनी मिळून सूर्य पाहिला होता आणि वडील दाविद हे स्वतःही नामांकित खगोलविद होते. दुर्बिणीतून पाहायला साफ नकार दिला तो पादुआतल्या चेझारे क्रेमोनिनी यांनी. ते धर्मगुरू नव्हते. अॅरिस्टॉटलचे तत्त्वज्ञान शिकवणारे प्राध्यापक होते आणि धर्मन्यायपीठाचा त्यांच्यावरही संशय होता.

रोममध्ये जेझुइटांचे कोलेजिओ रोमानो होते. तिथले क्रिस्टोफर क्लावियुस म्हणजे त्या काळचे सर्वांत मान्यवर गणिती. आजही आपल्या भिंतीवर टांगलेली दिनदर्शिका ज्या सुधारणेवर चालते, त्या १५८२ च्या सुधारणेत त्यांचा मोठा वाटा होता. गुरूचे चंद्र ऐकून ते आधी हसले. मग त्यांच्या सहकाऱ्यांनी चांगली दुर्बीण बनवली, सर्वांनी रात्रीमागून रात्री पाहिले, आणि सत्तरी ओलांडलेल्या या गुरुजींनी १६१० संपता संपता गॅलिलिओला पत्र लिहून कळवले की आम्हालाही दिसले. एप्रिल १६११ मध्ये कार्डिनल बेलार्मिन यांनी या जेझुइटांना विचारले की ही निरीक्षणे खरी आहेत का. पाच दिवसांत क्लावियुस आणि तीन सहकाऱ्यांच्या सहीचे उत्तर गेले: खरी आहेत. चंद्राच्या डोंगरांबद्दल मात्र क्लावियुस यांना शंका होती, आणि तीही उत्तरात नोंदवलेली आहे. पाहिले ते मान्य केले, पटले नाही ते तसेच लिहिले. सचोटी म्हणतात ती हीच.

आणखी एक जेझुइट, क्रिस्टोफ शायनर. सूर्याला डाग कसे असतील, म्हणून ते डाग म्हणजे सूर्यासमोरून जाणारे लहान ग्रह असावेत असे त्यांनी आधी मांडले. गॅलिलिओशी त्यांचे हाडवैर झाले. पण वर्षानुवर्षे सूर्य पाहत राहिल्यावर १६३० मध्ये पूर्ण झालेल्या आपल्या भल्यामोठ्या ग्रंथात त्यांनी डाग सूर्यावरच आहेत हे मान्य केले. वैऱ्याचे म्हणणे खरे निघाले तरी ते लिहून ठेवायला धैर्य लागते.

ही गोष्ट आपल्या भूमीलाही स्पर्श करून गेली आहे. ऑक्टोबर १६१८ मध्ये लिस्बनहून चीनकडे निघालेले जेझुइट गोव्यात उतरले. त्यांच्यात योहान श्रेक होते, जे रोमच्या त्याच विद्वत्सभेचे सभासद होते जिचा सभासद गॅलिलिओ होता. चीनला न्यायची दुर्बीण त्यांच्या सोबत होती. त्या वर्षअखेरीस आकाशात धूमकेतू दिसले, आणि याच गटातील व्हेन्झेल किर्विट्झर यांनी गोव्यातून केलेली त्यांची निरीक्षणे १६२० मध्ये युरोपात छापून आली. पुढे १६८९ च्या डिसेंबरात पाँडिचेरीत फादर रिशो यांना दुर्बिणीतून दिसले की दक्षिण आकाशातला तेजस्वी मित्र तारा एक नसून दोन आहेत. शुभवर्तमान सांगायला आलेली ही माणसे रात्री दुर्बीण लावून बसत, आणि त्यांना त्यात काही विसंगत वाटत नसे.

आता लाजिरवाणा भाग. तोही तितक्याच स्पष्टपणे सांगितला पाहिजे.

वाद पेटला तो पृथ्वी फिरते की नाही यावर. यहोशवाच्या पुस्तकात सूर्य थांबल्याचे वर्णन आहे, स्तोत्रांत पृथ्वी ढळत नाही असे येते. मग पृथ्वी फिरते म्हणणे शास्त्राविरुद्ध नाही का? ५ मार्च १६१६ रोजी रोमने कोपर्निकसचा ग्रंथ दुरुस्त होईपर्यंत थांबवला. १६३२ मध्ये गॅलिलिओचे संवादरूप पुस्तक आले आणि २२ जून १६३३ रोजी, सत्तरीला टेकलेल्या या माणसाला गुडघे टेकून आपले मत नाकारायला लावले गेले. उरलेले आयुष्य त्याने नजरकैदेत काढले. १६३४ मध्ये त्याची जोगीण झालेली लाडकी लेक वारली, पुढे त्याची दृष्टी गेली, आणि ८ जानेवारी १६४२ रोजी तोही वारला. शेवटपर्यंत तो कॅथलिकच होता.

न्यायाने बोलायचे तर गॅलिलिओकडे तेव्हा पूर्ण पुरावा नव्हता. शुक्राच्या कलांनी टॉलेमी पडला. पण टायको ब्राहेची मांडणी, ज्यात ग्रह सूर्याभोवती आणि सूर्य स्थिर पृथ्वीभोवती फिरतो, तीही या कलांशी जुळत होती. भरती-ओहोटी हा पृथ्वीच्या गतीचा पुरावा असे गॅलिलिओने मांडले, ते चुकीचे होते. ताऱ्यांच्या प्रकाशातून पृथ्वीच्या गतीचा पहिला थेट पुरावा १७२८ मध्ये जेम्स ब्रॅडली यांनी शोधला, आणि हे ब्रॅडली एके काळी इंग्लंडच्या चर्चमध्ये पाळक होते. पण पुरावा अपुरा असेल तर माणसाला आणखी शोधू द्यावे. गप्प करून गुडघ्यावर बसवणे हे त्याचे उत्तर नव्हे. स्वतः बेलार्मिन यांनीच १६१५ मध्ये लिहिले होते की पक्का पुरावा मिळाला तर वचनांचा अर्थ पुन्हा काळजीपूर्वक पाहावा लागेल. पुढल्यांनी तेवढा धीर धरला नाही.

आणि प्रोटेस्टंट बंधूंनी इथे हात झटकू नयेत. केप्लर हा ग्रहांच्या गतीचे नियम शोधणारा भक्तिमान ल्यूथरन. पाळक व्हायचे म्हणून तो शिकला होता. लिंझ शहरात त्याच्याच मंडळीच्या पाळकाने त्याला मतभेदांवरून प्रभुभोजन नाकारले. कारण खगोलाचे नव्हते, सिद्धांताच्या एका शब्दयोजनेवर सही करण्याचे होते. पण प्रामाणिक शंका घेणाऱ्याला दाराबाहेर ठेवण्याची सवय तीच.

खरे तर मार्ग आधीच दाखवलेला होता. संत ऑगस्टीन यांनी पाचव्या शतकाच्या आरंभीच बजावले होते की आकाशाविषयी ख्रिस्ती माणसाने शास्त्राच्या नावाने अज्ञान बोलू नये. त्याने शास्त्राचीच टिंगल होते. कॅल्विन यांनी उत्पत्तीवरील टीकेत लिहिले की मोशे सामान्य माणसाला जे दिसते त्याच भाषेत बोलला, खगोल शिकवायला नव्हे. आपणही आज "सूर्य मावळला" म्हणतो, आणि कोणी आपल्याला खोटारडे म्हणत नाही. ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी उघडपणे मान्य केले की तेव्हाच्या बहुतेक धर्मपंडितांना पवित्र शास्त्र आणि त्याचा आपण लावलेला अर्थ यांतला फरक ओळखता आला नाही.

आमच्या मते हे शेवटचे वाक्य प्रत्येक संडे स्कूलच्या फळ्यावर लिहावे. "शास्त्र असे सांगते" हे शब्द आपण किती सहज वापरतो! मानसिक आजारावर डॉक्टरकडे जावे की नाही, मुलीने पुढे शिकावे की नाही, उत्क्रांती वाचावी की नाही, अशा गोष्टींत कुणीतरी हे वाक्य उच्चारतो आणि चर्चा संपते. त्या वेळी विचारावे: हे शास्त्र आहे, की आपल्या आजोबांनी लावलेला अर्थ? की शास्त्राशी काही संबंध नसलेला एखादा अॅरिस्टॉटल आपल्या घरात ठाण मांडून बसला आहे?

काही वडीलधारे म्हणतील, "एक चित्र पाडले की मुले सारेच पाडतील. श्रद्धा नाजूक असते." ही काळजी खोटी नाही. पण चारशे वर्षांचा अनुभव उलट सांगतो. क्लावियुस यांनी दुर्बिणीला डोळा लावला आणि त्यांचा विश्वास गेला नाही. १६३३ च्या निकालाने मात्र आजतागायत किती तरुणांना चर्चपासून दूर नेले असेल, त्याची मोजदाद नाही. विश्वास पाहिल्याने कमी होत नाही. पाहू नका म्हटले की संशय येतो.

मग स्वर्ग कुठे आहे? मुलांना आम्ही असे सांगू: दुर्बिणीने स्वर्ग नाहीसा केला नाही, तो शनीपलीकडच्या मजल्यावर आहे ही समजूत नाहीशी केली. देवाचे वास्तव्य मैलांत मोजता आले असते, तर देव सृष्टीच्या आतली एक वस्तू ठरला असता. शलमोनाने मंदिर अर्पण करतानाच कबूल केले होते की सर्वांत उंच आकाशही देवाला पुरे पडणार नाही. प्रभूच्या स्वर्गारोहणाचा अर्थ तो कुठेतरी लांब निघून गेला असा असता, तर दोघे-तिघे जमतील तिथे मी आहे या त्याच्या वचनाचे काय? त्याचा अर्थ असा की आता तो कोणत्याही एका गावापुरता उरला नाही.

आणि आपण लहान ठरलो, त्याचे काय? आठवे स्तोत्र रचणाऱ्याने साध्या डोळ्यांनी फार तर दोन-तीन हजार तारे पाहिले असतील. तेवढ्यानेच त्याला प्रश्न पडला की एवढ्या पसाऱ्यात देवाला माणसाची आठवण कशी राहते. दुर्बिणीने तारे वाढवले, आणि तो प्रश्न अधिक खरा झाला. ज्याला चिमणीचा हिशोब ठाऊक आहे त्याला पसाऱ्याची अडचण होत नाही.

म्हणून आमची एक साधी सूचना आहे. दृढीकरणाच्या वर्गात एक रविवार या विषयाला द्यावा आणि त्यात १६११ चे उत्तर व १६३३ चा निकाल दोन्ही शिकवावेत. मंडळीत विज्ञान शिकवणारे शिक्षक असतात, त्यांना बोलवावे. आणि हिवाळ्याच्या एखाद्या निरभ्र रात्री, संध्याकाळच्या उपासनेनंतर, चर्चच्या अंगणात छोटी दुर्बीण लावावी. चंद्राचे डोंगर दिसतील, गुरू आकाशात असेल तर त्याचे चंद्रही दिसतील. आधी मुलांना पाहू द्यावे, मग आजी-आजोबांना. कुणी प्रश्न विचारला आणि उत्तर ठाऊक नसेल, तर तसे सांगावे. मग तिथेच, उघड्या आकाशाखाली, एक छोटी प्रार्थना करावी:

हे प्रभो, जे तू निर्माण केलेस ते पाहायला आम्हाला भीती वाटू देऊ नकोस. आमच्या समजुतींना तुझे वचन म्हणण्याच्या मोहापासून आम्हाला राख. आमची मुले तुझ्या सृष्टीविषयी विचारतील तेव्हा त्यांना हाकलून देणारे नव्हे, तर त्यांच्या शेजारी उभे राहून पाहणारे आम्हाला कर. आमेन.